व्यक्ती आणि संघटना यांच्यामधला दुवा : तारापूरच्या मागांवरून

एक विषय, दोन शाखा

शिरगाव-सातपाटीकडून पालघर स्थानक गाठून रोज बोईसरला पाळीवर जाणाऱ्या माणसाविषयी व्यवस्थापनशास्त्राच्या दोन शाखा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिली शाखा त्याची प्रेरणा, कौशल्य, समाधान, थकवा आणि वरिष्ठांशी असलेले संबंध तपासते. तिची मुळे मानसशास्त्रात आहेत. दुसरी शाखा तो ज्या कंपनीत काम करतो तिची रचना, धोरण, भांडवल आणि बाजारातले स्थान पाहते. ती अर्थशास्त्र आणि समाजशास्त्रातून वाढली. पहिलीच्या लेखी कंपनी म्हणजे माणसाच्या मागचा पडदा, तर दुसरीच्या लेखी माणूस म्हणजे हजेरीपटावरचा आकडा. दोन्ही शाखांची नियतकालिके, मोजमापाची साधने आणि अभ्यासक्रमही वेगळे राहिले आहेत. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र अशी विभागणी कुठेच नसते. तिथे माणसाच्या वागण्यातून कंपनीचा निकाल घडतो आणि कंपनीच्या नियमांतून माणसाचे वागणे घडते. ही दुहेरी वाट शोधणाऱ्या संशोधनाला बहुस्तरीय संशोधन म्हणतात. त्याचे एक उत्तम उदाहरण याच पट्ट्यात, तारापूरच्या कापड कारखान्यांत घडले आहे.

अनुमानाची जुनी चूक

एका पातळीवरचा निष्कर्ष दुसऱ्या पातळीवर जसाच्या तसा लावणे किती धोक्याचे असते, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवून दिले. त्यांनी १९३० च्या अमेरिकन जनगणनेचे आकडे घेतले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी आढळली. राज्यांच्या पातळीवर हा सहसंबंध सुमारे उणे ०.५३ होता. यावरून परदेशी माणूस अधिक साक्षर असावा असे वाटते. प्रत्यक्ष व्यक्तींचे आकडे पाहिले तेव्हा सहसंबंध उलट दिशेचा, सुमारे अधिक ०.१२ निघाला. स्थलांतरित स्वतः तुलनेने कमी साक्षर होते, पण ज्या राज्यांत ते स्थायिक झाले तिथले मूळ रहिवासी अधिक शिकलेले होते. कंपन्यांच्या बाबतीतही हेच घडते. ज्या कंपन्यांचा प्रशिक्षणावर जास्त खर्च होतो त्या जास्त नफ्यात असल्या, तरी प्रशिक्षण घेतलेला प्रत्येक कामगार जास्त उत्पादन देतो असे सिद्ध होत नाही. उलट दिशेची चूकही तितकीच सर्रास होते. प्रत्येक खात्यात हुशार माणसे आहेत म्हणून कारखाना चांगला चालेल, असे गृहीत धरले जाते.

कोलमन यांची आकृती

दोन पातळ्या जोडण्याचा सर्वांत परिचित आराखडा समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सामाजिक सिद्धान्तावरील ग्रंथात तो विस्ताराने मांडलेला आहे. वर दोन बिंदू असतात : संघटनेची परिस्थिती आणि संघटनेचा परिणाम. हे दोन बिंदू एका रेषेने थेट जोडणे सोपे असते, पण त्या रेषेतून कारण कळत नाही. म्हणून वरून खाली यायचे. परिस्थितीमुळे माणसासमोर कोणते पर्याय उभे राहतात, ते पाहायचे. मग खालच्या पातळीवर आडवे जायचे, म्हणजे तो माणूस त्या पर्यायांतून काय निवडतो ते तपासायचे. शेवटी पुन्हा वर चढायचे आणि अनेकांच्या निवडींची बेरीज होऊन संघटनेत काय घडले, ते मांडायचे. पहिले दोन टप्पे संशोधकांना बऱ्यापैकी साधतात. वर चढण्याचा तिसरा टप्पा सर्वांत अवघड असतो, आणि बहुतेक अभ्यास तिथेच अडखळतात.

वर चढण्याच्या दोन रीती

स्टीव्ह कोझलोव्स्की आणि कॅथरीन क्लाईन यांनी २००० मध्ये या तिसऱ्या टप्प्याचे दोन प्रकार वेगळे केले. पहिल्यात खालचे घटक एकसारखे असतात. एका खात्यातल्या सर्वांना सुरक्षेविषयी सारखेच वाटत असेल, तर ‘या खात्याचे वातावरण’ असे बोलता येते आणि त्यासाठी सरासरी पुरते. दुसऱ्यात घटक वेगवेगळे असतात आणि त्यांच्या जुळणीतून नवे काही तयार होते. ताणा भरणारा, माग चालवणारा, माग दुरुस्त करणारा आणि कापड तपासणारा यांच्या कौशल्यांची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. त्यातला एक कच्चा असला की बाकीच्या तिघांचे कसब वाया जाते. म्हणजे आधी सिद्धान्त ठरवायचा आणि मग बेरजेची रीत. व्यवहारात मात्र अनेकदा प्रश्नावलीची सरासरी आधी काढली जाते आणि तिला साजेसा सिद्धान्त मागाहून शोधला जातो.

अहमदाबादची पूर्वपीठिका

भारतातील कापड उद्योगाला हा प्रश्न नवा नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्याचा अभ्यास केला. तिथे २२४ मागांचे काम बारा प्रकारच्या भूमिकांत वाटलेले होते. यंत्रे नवी असूनही उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी होते. प्रत्येक माणूस आपल्या कामाला जबाबदार होता, पण ठरावीक मागांच्या संचाला जबाबदार असा कोणताच गट नव्हता. छोटे गट करून मागांचा एकेक संच त्यांच्याकडे सोपवल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. माणसे आणि माग तेच राहिले, बदलली ती मधली पातळी. पुढे एरिक मिलर यांनी १९७० च्या सुमारास मिलला पुन्हा भेट दिली, तेव्हा एका मागशाळेत गटपद्धती बरीचशी टिकलेली आढळली, तर इतरत्र ती विरून गेली होती. चांगली पद्धत रुजली तरी ती टिकतेच असे नाही, आणि का टिकत नाही याचे उत्तर एकाच पातळीवर सापडत नाही. तारापूरच्या प्रयोगाने हाच धागा अधिक काटेकोरपणे पुढे नेला.

तारापूर-उंबरगावचा प्रयोग

निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या अर्थतज्ज्ञांनी २००८ पासून तारापूर आणि सीमेपलीकडील उंबरगाव येथील सुती कापड विणणाऱ्या कंपन्यांवर यादृच्छिक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘व्यवस्थापनाने खरोखर फरक पडतो का’ हा त्यांचा प्रश्न होता. औषधाची चाचणी घेतात त्या धर्तीवर प्रयोगाची आखणी झाली. ६६ संभाव्य कंपन्यांपैकी ३४ कंपन्यांनी रस दाखवला आणि १७ तयार झाल्या. या १७ कंपन्यांचे मिळून २८ कारखाने होते. त्यांतील ११ कंपन्यांच्या १४ कारखान्यांना एक महिना पाहणी आणि त्यापुढे चार महिने अंमलबजावणीसाठी सल्लागारांची मदत मोफत मिळाली. उरलेल्या ६ कंपन्यांच्या प्रत्येकी एका कारखान्याची फक्त पाहणी झाली. या कंपन्या छोट्या नव्हत्या. सरासरी एका कंपनीत सुमारे २७० माणसे काम करत होती. सगळ्या कंपन्या कौटुंबिक मालकीच्या होत्या.

सल्लागारांनी ३८ पद्धतींची यादी ठेवली होती. यंत्रांची देखभाल, दर्जानियंत्रण, साठा, मनुष्यबळ आणि मागण्यांचे नियोजन अशा पाच क्षेत्रांत त्या मोडत. त्यांत गूढ असे काहीच नव्हते. सुताचा साठा प्रकार आणि रंगानुसार लावणे, सुट्या भागांची नोंद ठेवणे, माग बंद पडल्याचे कारण लिहिणे, रोज सकाळी बैठक घेणे, या स्वरूपाच्या त्या गोष्टी होत्या. मदत मिळालेल्या कारखान्यांत या पद्धतींचा स्वीकार सुमारे ३८ टक्के अंकांनी वाढला, तर नुसती पाहणी झालेल्या कारखान्यांत सुमारे १२ अंकांनी. पहिल्या वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. कापडातील दोष ४० टक्क्यांहून अधिक घटले आणि सुताचा साठाही कमी झाला.

एका दोषाचा प्रवास

हे आकडे कुठून येतात, ते तपासणीच्या टेबलावर स्पष्ट दिसते. मागावरून उतरलेले कापड उजेडाच्या टेबलावरून सरकवले जाते. तपासणारा तुटलेला धागा, तेलाचा डाग किंवा जाड-पातळ पट्टा हेरतो, खूण करतो आणि तागा दुरुस्तीला पाठवतो. प्रयोगाच्या आरंभी या कारखान्यांतील सुमारे पाचवा हिस्सा मनुष्यबळ तपासणी आणि दुरुस्तीतच गुंतलेले होते. दोषांची नोंद होत नव्हती असे नाही. अनेक ठिकाणी वह्या होत्या, पण गिऱ्हाइकाची तक्रार आली तर दाखवण्यापुरत्या. त्यांतील आकडे जुळवून कोणी पाहत नसे.

बदल असा झाला की प्रत्येक दोष कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, कोणत्या डिझाइनवर आणि कोणाच्या हातून झाला हे रोज लिहिले जाऊ लागले. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत व्यवस्थापक आणि खात्यांचे प्रमुख त्याच कागदावर बोलू लागले. एकाच मागावर डाग पुन्हा पुन्हा येत असेल तर प्रश्न यंत्राचा. सगळ्या मागांवर एकाच पाळीत धागा तुटत असेल तर प्रश्न सुताचा, हवेतल्या ओलाव्याचा किंवा देखरेखीचा. एकाच विणकराच्या कापडात दोष असेल तर प्रश्न प्रशिक्षणाचा. अशा रीतीने ती वही दोन पातळ्यांमधील दुवा झाली. व्यक्तीच्या हातून घडलेली घटना तिच्यात नोंदली जाते आणि संघटनेचा निर्णय तिच्यातून निघतो. बहुस्तरीय संशोधनाच्या जड परिभाषेपेक्षा या एका वहीतून त्याचे तत्त्व अधिक नेमके कळते.

भाऊ आणि मुलगे

या अभ्यासातील सर्वांत बोलका निष्कर्ष कंपनीच्या आकाराविषयी आहे. चांगले व्यवस्थापन असलेली कंपनी मोठी होते, असे प्रचलित सिद्धान्त सांगतो. इथे कंपनी किती मोठी होईल हे मालकाच्या कुटुंबात किती कर्ते पुरुष आहेत, यावरून अधिक चांगले सांगता येत होते. महत्त्वाचे निर्णय आणि पैशाचे व्यवहार बाहेरच्या माणसाच्या हाती देण्याची मालकांची तयारी नव्हती. चोरीची भीती होती, आणि फसवणूक झालीच तर न्यायालयातून वेळेत दाद मिळण्याची खात्रीही नव्हती. म्हणून जितके भाऊ-मुलगे तितकेच कारखाने.

कोलमन यांच्या आकृतीत हे नीट बसते. न्यायव्यवस्थेची संथ गती ही समाजपातळीवरची परिस्थिती. तिच्यामुळे मालकाच्या मनात अविश्वास निर्माण होतो, ही व्यक्तीची पातळी. त्यातून अधिकार न सोपवण्याचा निर्णय होतो आणि अशा अनेक निर्णयांमुळे कंपनीची वाढ खुंटते, ही संघटनेची पातळी. प्रयोगानंतर मालकांनी कारखाना-व्यवस्थापकांना थोडे अधिक अधिकार दिल्याचे आढळले. रोजचे आकडे हाती आल्यावर प्रत्यक्ष हजर न राहताही देखरेख करता येते, हे त्याचे एक सयुक्तिक कारण दिसते. पुढील तीन वर्षांत मदत मिळालेल्या कंपन्यांनी आणखी कारखाने उघडले, ही बाबही याच साखळीला धरून आहे.

नऊ वर्षांनंतर

संशोधकांनी २०१७ मध्ये त्याच कंपन्यांना पुन्हा भेट दिली. त्या पाहणीचा लेख २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या कारखान्यांत स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सोडून दिलेल्या आढळल्या. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांशी तुलना केली तर मोठी तफावत कायम होती. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत पद्धती फारशा पसरल्या नव्हत्या. एकाच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत, जिथे सल्लागारांनी प्रयोग केलाच नव्हता, तिथे मात्र त्या बऱ्याच पसरल्या होत्या.

पद्धत केव्हा गळून पडते, याचे तीन मुद्दे पुढे आले. पहिला, कारखान्याचा व्यवस्थापक बदलला की. दुसरा, संचालकांना वेळ उरला नाही की. तिसरा, ती पद्धत इतर कंपन्यांतही फारशी रूढ नसेल तेव्हा. पहिला मुद्दा एका व्यक्तीच्या जाण्याचा आहे. दुसरा एका व्यक्तीच्या लक्षाचा आहे आणि ते लक्ष संघटनेच्या रचनेने ठरते. तिसरा तर कंपनीबाहेरच्या, संपूर्ण उद्योगाच्या पातळीचा आहे. व्यवस्थापनशास्त्र ज्याला ‘संघटनेची क्षमता’ म्हणते ती प्रत्यक्षात एका-दोघांच्या सवयीत साठलेली होती, असा याचा अर्थ होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण विषयाची कसोटी इथेच आहे : जी पद्धत ती सुरू करणारा माणूस नोकरी सोडून गेल्यावरही चालू राहते, तिलाच संघटनेची पद्धत म्हणावे. तोवर ती त्या माणसाचीच.

सुरक्षेची दुहेरी व्याख्या

तारापूरच्या किनाऱ्यावर देशातील पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. अणुऊर्जा हे क्षेत्र दोन पातळ्यांच्या जोडणीचा विचार सक्तीने करणारे आहे. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने ‘सुरक्षा-संस्कृती’ ही कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये तिची व्याख्या केली. त्या व्याख्येत संघटना आणि व्यक्ती या दोहोंची वैशिष्ट्ये व वृत्ती एकत्रच घेतली आहेत. नियम लिहिणारी संस्था आणि नियम पाळणारा माणूस वेगळे केले तर ती अर्थहीन ठरते. कारखान्यांच्या बाबतीत डॉव्ह झोहार यांनी १९८० मध्ये इस्रायलमधील २० कारखान्यांचा अभ्यास करून दाखवले की कामगारांना व्यवस्थापनाची सुरक्षेविषयीची आस्था किती खरी वाटते, यावर कारखान्याचे सुरक्षेचे वातावरण मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. रासायनिक कारखान्यांच्या या पट्ट्यात त्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. अपघातानंतर ‘मानवी चूक’ असा शेरा मारून चौकशी थांबते तेव्हा आकृतीतला फक्त खालचा बिंदू पाहिलेला असतो.

मोजमाप

एका कारखान्यातली माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून त्यांचे आकडे परस्परांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. यासाठी स्तरबद्ध प्रतिमाने वापरतात. एकूण फरकापैकी किती फरक माणसामाणसांतला आणि किती कारखान्याकारखान्यांतला, हे त्यांतून वेगळे करता येते. ब्रिक आणि राऊडेनबुश यांच्या १९९२ च्या पुस्तकानंतर ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. सरासरी काढण्याआधी गटातील लोकांचे एकमत आहे की नाही हे तपासण्याचे निर्देशांकही उपलब्ध आहेत. कारखान्यांची संख्या थोडी असली तर मात्र या साधनांची ताकद घटते. तारापूरच्या अभ्यासात कंपन्या अवघ्या १७ होत्या. संशोधकांनी ही उणीव दर आठवड्याच्या आकड्यांची दीर्घ मालिका जमवून काही अंशी भरून काढली.

मर्यादा

या अभ्यासाचे निष्कर्ष सर्वत्र लागू होतील असे नाही. ज्या कंपन्या तयार झाल्या त्यांच्यावरच प्रयोग झाला. वरिष्ठांचा वेळ देण्याची अटही त्यांनी मान्य केली होती, म्हणजे त्या आधीच काहीशा उत्सुक होत्या. दोन गावे, एक उद्योग आणि एका प्रकारची मालकी एवढाच त्याचा पट आहे.

याहून मोठी उणीव वेगळी आहे. या अभ्यासात व्यक्ती म्हणून जो दिसतो तो मालक किंवा व्यवस्थापक. माग चालवणारा माणूस दोषाच्या वहीत आहे, उत्पादनाच्या आकड्यात आहे, पण त्याचे शिकणे, त्याचे गाव सोडून येणे, पाळी संपल्यावरचे त्याचे जगणे आणि नोकरी बदलण्याची त्याची कारणे मोजणीच्या केंद्रस्थानी नाहीत. व्यवस्थापक गेल्यावर पद्धत मोडते हे कळले. पण अनुभवी विणकर गेल्यावर काय मोडते, नवा आलेला ते कोणाकडून शिकतो, आणि ते शिकणे कुठल्या वहीत उतरते का, हे अजून पाहायचे आहे. दोन पातळ्यांमधला दुवा खालच्या पायरीपासून तपासला गेला तरच तो पुरा म्हणता येईल.

पुढचा अभ्यास

असा अभ्यास करायला मोठा निधी लागत नाही. एका कंपनीचे दोन कारखाने, प्रत्येकी दोन पाळ्या, दोषांची वही, हजेरीपट आणि काही महिने सातत्याने घेतलेल्या मुलाखती एवढ्यावर तो सुरू होऊ शकतो. पालघर परिसरातील महाविद्यालयांच्या वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांनी नमुना म्हणून परदेशी कंपन्यांची पाठ्यपुस्तकी उदाहरणे गिरवण्यापेक्षा हा विषय प्रकल्पासाठी घ्यावा. जगभरच्या विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या या प्रयोगाचे माग बोईसर स्थानकापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत.